पाणी, ऊन आणि परभणीचे घर

शहरातील माणसाने निसर्गाशी इमान राखून कसे राहावे, याविषयी जे मार्गदर्शन अलीकडे छापून येते ते बहुतांशी मुंबई-पुण्याच्या सदनिका डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असते. आणि त्यातील उपदेश कितीही हितकर असला, तरी ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, ज्या शहरात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि ज्याच्या पायाखाली काळ्या दगडावर पसरलेली चिकण काळी माती आहे, त्या परभणीला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. कापडी पिशवी हाती धरणे चांगलेच. परंतु परभणीकराने आपल्या घराची तपासणी आरंभावयाची ती पाण्यापासून, त्यानंतर उन्हापासून, आणि मग उरलेल्या गोष्टींपासून, असे माझे स्पष्ट मत आहे. या क्रमात बदल झाला, तर पुष्कळ श्रम होऊनही परिणाम अल्प दिसेल.

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा जिंतूर तालुक्यात येलदरीच्या धरणाशी अडते, आणि त्याच नदीच्या पाण्यावर आपले शहर पिढ्यान् पिढ्या विसंबून आहे. हे पाणी एकट्या परभणीचे नाही. हिंगोली आणि नांदेडकडील शेते व वस्त्याही त्याच साठ्याकडे डोळे लावून बसलेल्या असतात. एखादे वर्ष पाऊस रुसला म्हणजे काय होते, हे आपण दूरच्या बातमीवरून नव्हे, तर शेजारच्या लातुरावरून जाणतो. एप्रिल २०१६ मध्ये त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि दहा वाघिणींतून आलेली पहिली खेप अवघी पाच लाख लिटरांची होती. शहरी नागरिकाला दरमाणशी दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे पाणीपुरवठ्याचे प्रमाण मानले जाते. त्या मानाने ती आख्खी खेप चार हजार माणसांच्याही एका दिवसाला पुरणारी नव्हती.

आता आपल्याच गल्लीत पाण्याच्या दिवशी काय घडते ते पाहू. नळ येण्याची कुणकुण लागताच प्रथम घराघरांतील टाक्या, ड्रम आणि घागरी रित्या केल्या जातात, कारण त्यांतील पाणी 'शिळे' झालेले असते. ते उंबऱ्यावरून अंगणात आणि अंगणातून गटारात जाते. मग तोटीला थेट मोटार जोडली जाते, वरची टाकी भरून वाहू लागली तरी ती बंद करण्याचे भान कोणास राहात नाही, आणि गल्लीच्या टोकाला ज्याच्या घरी मोटार नाही त्याच्या तोटीतून केवळ वारा फुसफुसतो. या एका तासात जेवढी नासाडी होते, तेवढी उरलेल्या सबंध आठवड्यात काटकसर करूनही भरून निघत नाही. म्हणून पहिली तजवीज हीच करावी की, स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले पाणी दिवसांच्या हिशेबाने टाकून द्यावयाचे नाही. पिण्याचे पाणी उंच जागी झाकून ठेवावे, ते लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे, हात बुडवू नये. शंका वाटल्यास उकळून घ्यावे. वापराचे साठवण मात्र आठवड्यातून एकदा कोरडे करून, भांड्याच्या आतील कड घासून, उन्हात वाळविणे अगत्याचे आहे. कारण डेंग्यूचा डास अशाच साठवणीत अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्या अंड्यांचे डास होतात. हा कोरडा दिवस नळ येण्याच्या आदल्या दिवशी धरावा आणि तळाशी उरलेले पाणी झाडांना, फरशीला किंवा संडासाला वापरावे, म्हणजे आरोग्य आणि काटकसर यांचा तंटा उरत नाही. वरच्या टाकीत पाणी भरताच पुरवठा आपोआप बंद करणारा तरंगता गोळा बसवून घ्यावा. प्लंबरच्या एका फेरीचे हे काम आहे. नळाला थेट मोटार लावणे तर सर्वस्वी सोडावे. ते नियमाविरुद्ध आहेच, शिवाय नळवाहिनीत निर्माण होणाऱ्या ओढीमुळे फुटक्या जोडांतून गटाराचे पाणी आत शिरते आणि तेच सर्वांच्या घरी जाते.

गळकी तोटी ही क्षुल्लक बाब मानण्याचा प्रघात आहे. ज्याला ती क्षुल्लक वाटते त्याने रात्री निजताना तिच्याखाली एक पातेले ठेवावे आणि सकाळी त्यातील पाणी लिटरच्या मापाने मोजावे. त्यानंतर वायसर बदलावयास त्यास कोणी सांगावे लागणार नाही. घरोघरी बसलेल्या आरओ यंत्रांकडे मात्र अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. असे यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारणतः दोन ते तीन लिटर पाणी मोरीत सोडते, आणि जेथे पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण मुळातच माफक आहे, तेथे त्याची आवश्यकता नसते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने हे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट मानले आहे. आपल्या घरचे पाणी एकवार तपासून घ्यावे. नळाचे पाणी त्या मर्यादेच्या आत असेल, तर गाळणे, उकळणे अथवा साधे अतिनील किरणांचे यंत्र पुरते. बोअरचे पाणी जड असेल आणि यंत्र ठेवणे भाग पडत असेल, तर बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसण्यास व संडासात वापरावे. ते झाडांना नित्य घालू नये, आणि कूलरमध्ये तर मुळीच ओतू नये. त्यातील क्षार कूलरच्या जाळीवर साचून ती लवकर निकामी करतात.

छतावर पडणाऱ्या पावसाचा हिशेब करणे शाळकरी मुलालाही साधेल इतके सोपे आहे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. सहाशे चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ५५ चौरस मीटर. तिच्यावर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ५,५०० लिटर, आणि त्यातून बाष्पीभवन व गळतीपोटी पाचवा हिस्सा वजा केला तरी ४,४०० लिटर हाती उरतात. पावसाळ्यात एकूण ७०० मिलिमीटर पाऊस झाला, तर हीच रक्कम तीस हजार लिटरांच्या वर जाते, आणि वर सांगितलेल्या प्रमाणाने ती चौघांच्या कुटुंबाला जवळजवळ आठ आठवडे पुरेल. एवढे पाणी साठविण्याची जागा शहरातील घराला नसते, हे खरे. परंतु ते जमिनीत उतरविता येते, आणि येथेच आपल्या मातीचा स्वभाव जाणून घेणे आवश्यक ठरते. काळी माती भिजली की फुगते आणि तिची छिद्रे मिटतात. तीत खणलेला उथळ खड्डा पावसाळाभर डबके होऊन राहतो आणि लोक म्हणतात, पुनर्भरणाचा उपयोग नाही. दोष पुनर्भरणाचा नसून खोलीचा असतो. काळ्या मातीचा थर पूर्णपणे ओलांडून मुरूम लागेपर्यंत खड्डा न्यावा, तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर जाड वाळू असे थर द्यावेत, आणि गच्चीचा पन्हाळ नळाने त्यात सोडावा. ज्यांच्या दारी बोअर आहे त्यांनी हे पाणी अशाच गाळणटाकीतून नेऊन मगच बोअरमध्ये सोडावे. गाळल्यावाचून सोडलेले पाणी खालच्या झऱ्यांचे नुकसान करते. मृगापूर्वी गच्ची झाडून घ्यावी, आणि पहिल्या दोन सरींचे पाणी बाहेर जाऊ द्यावे, कारण त्यांत आठ महिन्यांची धूळ आणि पाखरांची घाण असते.

मोरीच्या सांडपाण्यालाही हाच न्याय लावता येतो. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे आणि डास यांपासून सुटका करून घेतली, ही गोष्ट आपल्या भागात आता पुष्कळांना ठाऊक आहे. परभणीच्या ज्या नव्या वसाहतींत अद्याप गटारे पोचलेली नाहीत आणि सांडपाणी रस्त्याच्या कडेला साचते, तेथील घरमालकांनी तोच मार्ग धरण्यास हरकत नाही. साधारणतः चार फूट लांब, तितकाच रुंद व खोल खड्डा, मध्ये भोके पाडलेली लहान टाकी, सभोवती दगड, आणि कचरा व तेलकटपणा अडविण्यासाठी तोंडाशी एक जाळीचे भांडे, एवढा हा इमला आहे. खाली मुरूम मिळालाच पाहिजे, आणि पन्नास फुटांच्या आत पिण्याच्या पाण्याची विहीर वा बोअर असता कामा नये. संडासाचे पाणी मात्र या खड्ड्यात कदापि सोडू नये.

या जिल्ह्यातील पूर्वजांनी पाण्यासाठी जे कौशल्य खर्च केले, ते पाहावयाचे असेल तर सेलू तालुक्यातील वालूर आणि जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथील बारवा जाऊन पाहाव्यात. वालूरची बारव पायऱ्यांच्या चक्राकार रचनेची आहे, आणि गाळाने बुजलेली ती गावकऱ्यांनी स्वतः कष्ट करून मोकळी केली. परभणी शहरातही जुन्या वाड्यांचे आड आणि सार्वजनिक विहिरी आहेत, त्यांतील कित्येक कचरा टाकण्याच्या जागा होऊन बसल्या आहेत. मोहल्ल्यातील दहा-वीस घरांनी मिळून अशा एका विहिरीचा गाळ काढला, तिला जाळी बसविली, आणि भोवतीच्या छतांचे पाणी गाळून तीत सोडले, तर निदान वापराच्या पाण्याची ददात मिटेल. अशा कामासाठी महानगरपालिकेकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घेऊन दप्तरी ठेवावी. तोंडी विनंतीचा मागोवा कोणी ठेवीत नाही.

ऊन हा परभणीच्या घराचा दुसरा प्रश्न. आपल्याकडील जुनी माळवदाची घरे, लाकडी तक्त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर देऊन बांधलेली, उन्हाळ्यात जी गार राहात, त्याचे कारण एवढेच की तो थर दिवसभराचे ऊन आत उतरू देत नसे. त्या जागी सिमेंटचा पातळ स्लॅब आला, आणि तो दुपारभर तापून रात्रभर घरात उष्णता सोडू लागला. माळवदे परत आणणे आता कोणास शक्य नाही. परंतु स्लॅबवर चुन्याचा दाट हात देणे शक्य आहे आणि ते फार स्वस्त आहे. गच्ची धुऊन कोरडी झाल्यावर, चुना रात्रभर भिजवून, त्यात थोडा चिकट द्रव मिसळून, मार्चअखेरीस दोन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवितो, आणि अशा छताखालच्या खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो. २०१०च्या भीषण उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा जो आराखडा केला, त्यात पुढे या पांढऱ्या छतांना स्थान मिळाले. आणि ज्या हैदराबादेतून १९५६ पर्यंत आपल्या जिल्ह्याचा कारभार पाहिला जाई, तेथील तेलंगण सरकारने २०२३ मध्ये थंड छतांविषयी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांना तर याचा सर्वांत अधिक लाभ आहे, आणि घरमालकांनी भाडेकरूंच्या पत्र्यांवर हा हात स्वखर्चाने द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

कूलर हे परभणीच्या कोरड्या हवेला साजेसे यंत्र आहे. एप्रिल-मे महिन्यांत ते वातानुकूलन यंत्राच्या जवळपास आठव्या-दहाव्या हिश्शाइतकी वीज घेऊन खोली गार करते. पण त्याला पाणी लागते, तासाला पाच-दहा लिटरही लागू शकते, आणि म्हणून ते कसे लावले आहे याला महत्त्व येते. कूलर खिडकीबाहेर, सावलीच्या बाजूस बसवावा, आणि समोरच्या भिंतीतील खिडकी वा दार निदान वीतभर उघडे ठेवावे. सर्व बाजू बंद करून कूलर लावणारे घर गार न होता केवळ दमट होते, आणि मग माणूस यंत्र आणखी जोरात चालवितो. पाऊस सुरू झाला, हवेत ओल आली, की कूलरचे पाणी बंद करून पंखाच वापरावा. ज्यांना वातानुकूलन यंत्र घ्यावेच लागते त्यांनी ते २४ अंशांच्या खाली आणू नये. प्रत्येक चढत्या अंशागणिक सुमारे सहा टक्के वीज वाचते. छताचा जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज खातो, तर बीएलडीसी जातीचा नवा पंखा सुमारे ३० ते ३५ वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. जे पंखे आपल्याकडे दिवसाचे पंधरा तास फिरतात त्यांच्या बाबतीत हा फरक महिन्याला पंख्यामागे सुमारे अठरा युनिट होतो.

स्वतःचे छत असलेल्यांनी सौर विजेचा विचार लांबणीवर टाकू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, आणि तीन वा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये साहाय्य ठरविण्यात आले. अर्ज करतेवेळी चालू दर महावितरणच्या कार्यालयात खात्री करून घ्यावेत. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. पटलांची सावली स्लॅबवर पडून खालची खोली काही अंशी निवते, हा लाभ वेगळाच. पटलांवरील धूळ पहाटे ओल्या फडक्याने पुसावी, पाइपाने धुऊ नये.

अन्नाच्या बाबतीत परभणीला बाहेर शोधावयास जाण्याचे कारण नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या येथील कृषी विद्यापीठाने ज्वारीचे 'परभणी मोती' हे वाण दिले, आणि २०१८ मध्ये लोह व जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे वाणही प्रसृत केले. रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते, तिला उसासारखे किंवा भातासारखे पाणी लागत नाही. दाणा माणसाला आणि कडबा जनावराला मिळतो. शहरातील कुटुंबाने आठवड्यातून चार-पाच वेळा भाकरी खाल्ली आणि वर्षाची ज्वारी हंगामात थेट ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतली, तर कोरडवाहू शेती टिकण्यास त्याचा प्रत्यक्ष हातभार लागतो. करडईच्या तेलाचेही तेच. भाजी आठवडी बाजारातून, आपल्या परिसरात पिकणारी आणि ऋतूतील घ्यावी. डबा घेऊन जावे, म्हणजे दही, तेल, मटण यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी लागत नाही. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आपल्या राज्यात प्लॅस्टिक व थर्माकोलच्या पुष्कळ वस्तूंवर बंदी आली. तरी लग्नाच्या पंगतीत त्या अजून दिसतात. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण आपल्या बाजारातून नाहीसे झालेले नाहीत, आणि पाण्याच्या लहान बाटल्यांऐवजी जार व स्टीलचे पेले ठेवण्याने कोणत्याही यजमानाची अब्रू जात नाही.

कचऱ्याविषयी २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करण्याचे बंधन घातले. यांतील ओला भाग घराबाहेर जाऊच न देणे, ही खरी मेख आहे. तळाशी आणि बाजूंना भोके पाडलेला जुना माठ सावलीत विटांवर ठेवावा. तळाशी वाळलेला पालापाचोळा, त्यावर भाजीची देठे, साली, चहाचा चोथा, त्यावर पुन्हा पाचोळा, आणि विरजणासाठी थोडे आंबट ताक किंवा मूठभर शेण, असे रोज चालू ठेवावे. आठवड्यातून दोनदा काठीने हलवावे. वास सुटला किंवा पांढऱ्या अळ्या दिसल्या तर ओल अधिक झाली आहे, पाचोळा वाढवावा. आणि आपल्याकडील उन्हाळ्यात नेमके उलट होऊन माठ कोरडा पडतो व कुजण्याची क्रिया थांबते, तेव्हा भाजी धुतलेले पाणी शिंपडावे. दीड-दोन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत तयार होते. दोन माठ आळीपाळीने वापरल्यास खंड पडत नाही. पाचोळा जाळण्याची वहिवाट यामुळे आपोआप बंद पडेल. जुने कपडे फेकण्यापूर्वी वाकळ शिवणाऱ्या बायांना विचारावे. हे कसब अजून जिवंत आहे आणि त्यांना मजुरी मिळते. ही सारी कामे घरातील स्त्रीच्या गळ्यात बांधून पुरुषांनी केवळ संमती देणे मात्र अनुचित होय. माठ हलविणे, टाकी घासणे, गच्चीला चुना देणे ही कामे वाटून घ्यावीत.

शहर सपाट आहे, अंतरे थोडी आहेत. गांधी पार्क किंवा शनिवार बाजाराकडे जाताना सकाळ-संध्याकाळी सायकल किंवा पाय पुरेसे आहेत, आणि याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

सावलीवाचून मात्र पायी चालण्याचा आग्रह व्यर्थ आहे. म्हणून घरापुढे झाड लावावे, आणि ते कडुलिंब, करंज, चिंच, पिंपळ यांसारखे येथल्या मातीत रुजलेले असावे. पिंपळ-वडासारखी झाडे भिंतीपासून आणि नळवाहिनीपासून दूर, मोकळ्या जागीच लावावीत. घराजवळ करंज व लिंब बरे. खड्डा मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावा, त्यात माठातील खत मिसळून दोन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावावे, आणि ते निदान कमरेइतके उंच निवडावे, म्हणजे शेळ्यांच्या तोंडी पडत नाही. तरीही जाळी हवीच. पुढचे तीन उन्हाळे त्याला आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी लागेल, आणि ते भाजी-तांदूळ धुतलेल्या पाण्यातून भागते. उभे झाड तोडावयाचे असेल, तर शहरी भागासाठी असलेल्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमान्वये महानगरपालिकेची पूर्वपरवानगी लागते. शेजारी कोणी परवानगीवाचून कुऱ्हाड चालवीत असल्याचे दिसले, तर प्रथम त्यास ही गोष्ट सांगावी, आणि न ऐकल्यास त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी, कारण दुसऱ्या दिवशी तक्रारीस विषयच उरत नाही.